सरकारी कामावरची मेंढी

लोकांच्या पोरांच्या नाकात काडी घालणं हा माझा व्यवसाय आहे. ऐकलं की माणसं हसतात, म्हणून मी ते आधीच सांगून टाकते. बारामतीत एका भाड्याच्या बंगल्यात खालच्या मजल्यावर आमची छोटी प्रयोगशाळा आहे आणि मी तिथली टेक्निशियन. स्कूटीला थंड पेटी बांधायची, कधी पणदरे, कधी वडगाव निंबाळकर, कधी इंदापूरच्या रस्त्यानं दिसेल ती वस्ती. अंगणवाडीत चटईवर बसायचं आणि पाच वर्षांच्या आतल्या धडधाकट पोरांच्या नाकातून बारीक काडी पार मागच्या भिंतीपर्यंत नेऊन परत आणायची. पोरगं बोंब ठोकतं, आई माझ्याकडे कसायाकडे बघावं तसं बघते, मी काडी बाटलीत बुडवते आणि बाटलीवर नंबर टाकते. मग पुढचं पोर.

"चांगल्या पोराला कशाला छळता?" हे मला इतक्या वेळा विचारलं गेलंय की झोपेतही उत्तर देईन. न्यूमोकोकस नावाचा एक जंतू असतो. तो चांगल्या पोरांच्या नाकात भाडेकरूसारखा राहतो आणि बहुतेक वेळा कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. पण एखाद्या दिवशी उठतो आणि छातीत उतरतो, रक्तात शिरतो, नाहीतर थेट मेंदूवर जातो. त्याचे शंभराच्या आसपास प्रकार आहेत आणि लस चालते त्यातल्या थोड्यांवर. कुठल्या थोड्यांवर चालायला हवी, हे ठरवायचं तर कुठला प्रकार कुठं फिरतोय ते माहीत पाहिजे. आमच्याकडचं ते कुणालाच माहीत नव्हतं. आमचे साहेब, म्हणजे या कामाचे प्रमुख डॉक्टर, जगाचा एक नकाशा दाखवायचे. श्रीमंत देश ठिपक्यांनी गच्च भरलेले आणि आमच्या भागात नुसता कोरा कागद. म्हणजे लंडनच्या पोरांच्या शेंबडाची बारीकसारीक नोंद आहे आणि इंदापूरच्या पोरांच्या शेंबडाला कुणी कुत्रं विचारत नाही! मला त्या नकाशाचा अजून राग येतो.

गावात मात्र हे समजावणं सोपं गेलं. मी म्हणायचे, "ऊस सगळा ऊसच, पण शहाऐंशी बत्तीस वेगळा आणि दोनशे पासष्ट वेगळा. कारखान्याला नोंद देताना वाण सांगता की नाही? तसे या जंतूचेही वाण आहेत. आम्ही त्यांची नोंद घेतोय."

पणदऱ्यात एक तात्या होते, ते म्हणाले, "मंग आसं सांगा की! येवडं इंग्लिश कशाला?" आणि त्यांनी नातवाचं डोकं स्वतः धरलं.

अडचण निघाली ती भलतीच. मी येणार हे आदल्या दिवशी आशाताईंनी घरोघर सांगितलेलं असायचं, आणि त्यामुळे एकूण एक पोरगं नाक धुऊन यायचं. नुसतं धुऊन नाही. पावडर, काजळ, नवा झबला, आणि आई पदराच्या टोकाची सुरळी करून शेवटची सफाई करतेय ती माझ्यासमोर. "नका हो पुसू," मी ओरडायचे, "मला ते मळकंच पाहिजे." बाया एकमेकींकडे बघून हसायच्या. दारात आलेल्या माणसाला पोराचं शेंबडं नाक दाखवायचं म्हणजे काय, काही लाजलज्जा? एकीनं तर दोन्ही नाकपुड्यांत खोबरेल तेल घालून आणलं होतं. काडी काढल्यावर तिनं मला विचारलं, "पास झालं का वो?"

जंतू इतका मागं असतो की पदरानं काही बिघडत नाही, हे नंतर माझ्या लक्षात आलं. तरी मी ओरडायचे ते ओरडायचेच. माझा स्वभावच तसा आहे.

आता मेंढीकडे येते. हा जंतू खाण्याच्या बाबतीत महानखरेल. काचेच्या प्लेटमध्ये त्याला वाढवायचा तर प्लेटीतल्या खळीत मेंढीचं ताजं रक्त मिसळावं लागतं, आणि मेंढी निरोगी लागते. पुण्याहून रक्त मागवलं की ते उन्हानं नाहीतर ट्रॅफिकनं खराब होऊन यायचं. म्हणून साहेबांनी फर्मान काढलं, इथंच मेंढी शोधा. जनावरांच्या डॉक्टरांनी इंदापूरच्या बाजूचे एक आबा सुचवले आणि आम्ही दोघं त्यांच्या वस्तीवर गेलो. वस्ती गावापासून थोडी लांब, कालव्याच्या अलीकडे, पत्र्याचं घर आणि पुढे बाभळी.

आबा सत्तरीचे, ताठ, मिशीवाले, जन्मभर मेंढरांमागे फिरलेले. आता कळप त्यांचा मुलगा फिरवायचा. घरात सून, चार वर्षांची नात आणि झोळीत सहा महिन्यांचा नातू. मी नातीला विचारलं, "नाव काय गं तुझं?" ती माझ्या ओठांकडे बघत राहिली.

"तिला ऐकू येत न्हाय," आबा म्हणाले. अकरा महिन्यांची असताना ताप डोक्यात गेला. पोरगी वाचली, कान गेले. "म्या डाक्टरला इचारलं, कशानं झालं? त्ये म्हणलं, मेंदूज्वर. म्या म्हणलं, त्ये झालं, पर कशानं? मंग कुणीच बोललं न्हाय."

कुणी बोलणार कसं? कुठला जंतू ते कुणी तपासलंच नव्हतं. मी आमचं काम सांगितलं, वाण, नोंद, लस, सगळं. आबांनी मन लावून ऐकलं. मग झोळीकडे बोट केलं. "ह्येचं कान ऱ्हायलं पायजेत, बाई. माजं येवडंच म्हणणं हाय. लागंल तेवडं रगात न्या."

नातवाचे त्या लसीचे दोन डोस झाले होते आणि तिसरा नवव्या महिन्यात होता. आबांना तारीख पाठ होती. मी निघताना त्यांनी नातीला हाक मारली, चांगली मोठ्यानं. ती वळली नाही. मग ते गेले, तिच्या खांद्याला हात लावला आणि हातानं 'बाईंना टाटा कर' म्हणाले. पुढे मी बघितलं, ते दर वेळी असंच करत. हात लावावा लागणार हे ठाऊक असूनही हाक आधी मारायचे.

आबांनी आपल्या कळपातली सगळ्यात देखणी मेंढी आम्हाला दिली. दर पंधरा दिवसांनी डॉक्टर तिच्या मानेतून थोडं रक्त काढायचे आणि ते गोठू नये म्हणून मी काचेचे मणी घातलेली बाटली हलवत अंगणात दहा मिनिटं येरझाऱ्या घालायचे. शेजारच्या बाया कामधाम सोडून बघायला यायच्या. "बाई, लोणी आलं का?" मी कपाळाला आठ्या घालून हलवत राहायचे.

दोन-तीन खेपांतच मेंढीचं नाव 'सरकारी' पडलं. बाकीची मेंढरं रानोमाळ उपाशीतापाशी फिरत असताना ही घरी बसून मक्याची भरड आणि शेंगपेंड खायची. "ती ड्युटीवर हाय," आबा सांगायचे. एकदा त्यांनी माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघितलं आणि म्हणाले, "तिलाबी एक द्या की." मी हसण्यावारी नेलं. पुढच्या खेपेला परत विचारलं. शेवटी मी कार्डाशिवायची एक निळी नाडी नेऊन दिली आणि ती मेंढीच्या गळ्यात पडली. आता जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेल्या एका अधिकाऱ्यांनी खरंच विचारलं, "ही तुमची स्टाफ का?" तर मी काय करणार?

काम झकास चाललं होतं. सोमेश्वरनगरला ऊसतोड्यांच्या कोप्यांवरची, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांतली, पोरं झाली, वडगावची झाली. प्लेटी उघडल्या की त्यावर बारीक दाणे आणि दाण्यांभोवती हिरवट कडं दिसायचं. मला ते हिरवं कडं बघायला फार आवडतं. ते दाणे पुण्याला मोठ्या प्रयोगशाळेत जायचे आणि तिथून वाणाचा नंबर यायचा.

मग पावसाळ्यानंतर आबांच्याच गावाची पाळी आली. सगळ्या पोरांच्या नाकात काड्या घालून झाल्या, प्लेटी लावल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी उघडल्या. एकही दाणा नाही. एका प्लेटीवर नाही, दुसरीवर नाही, शेवटच्या प्लेटीवरही नाही. सगळ्या लालभडक आणि साफ.

इथं मला एक गोष्ट सांगायचीय आणि ती सांगायला मला आवडत नाही. प्रत्येक खेपेला एका जास्तीच्या प्लेटीवर आम्ही आमच्याकडचा ओळखीचा, नक्की जिवंत असलेला जंतू टाकतो. त्याला कंट्रोल म्हणतात. तो वाढला तर प्लेट चांगली, नाही वाढला तर सगळी खेप फेकायची आणि पहिल्यापासून सुरू करायचं. त्या दिवशी कंट्रोलची प्लेटही साफ होती. आदल्याच आठवड्यात वीज सलग दोन दिवस गेली होती, फ्रीजरमध्ये पाणी झालं होतं. मी म्हटलं, आपला कंट्रोल मेला. नवा मागवायचा तर अर्ज, तीन सह्या, तीन आठवडे. आणि परत त्या सगळ्या पोरांच्या नाकात काड्या, परत त्या आयांची तोंडं. माझी कंबर मोडली होती. रजिस्टरमध्ये कंट्रोलच्या रकान्यात मी टिक केली.

साहेब चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "एकाही पोरात नाही? असं होत नाही. कंट्रोल वाढला होता ना?"

"वाढला होता, सर."

एका शब्दालाही अडखळले नाही मी. आणि त्याच दुपारी गावचे सरपंच आपण होऊन 'निकाल' विचारायला प्रयोगशाळेत आले, तेव्हा मी गप्प बसायचं की नाही? नाही बसले. म्हणाले, "तुमच्या गावात जंतू सापडला नाही बुवा."

सरपंच उभेच राहिले. "एकबी न्हाय?"

"एकही नाही."

"शेजारच्या गावात?"

"तिथं होते."

एवढं ऐकून ते चहा न पिता गेले.

त्या गावाला एक कमान आहे. कमानीवर 'तंटामुक्त गाव' अशी पाटी आहे, तिच्याखाली 'हागणदारीमुक्त गाव', आणि त्याखाली बरीच वर्षं एक चौकोन मोकळा होता. चार दिवसांनी मी स्कूटीवरून गेले तर त्या चौकोनात फ्लेक्स लागलेला. 'न्यूमोनिया जंतूमुक्त गाव. तालुक्यात प्रथम.' खाली हात जोडलेले सरपंच, उपसरपंच, सोसायटीचे सगळे संचालक, एका कोपऱ्यात आबा, आणि मधोमध सगळ्यात मोठा फोटो मेंढीचा. गळ्यात निळी नाडी.

मी स्कूटी बाजूला घेतली आणि आधी पोट धरून हसले. नंतर रजिस्टरमधली ती टिक आठवली.

सत्कार झाला तो भर दुपारी, मारुतीच्या देवळापुढच्या मांडवात. साहेब मीटिंगसाठी पुण्याला गेले होते, म्हणून मला बसवलं पहिल्या रांगेत. आबांना फेटा, शाल, श्रीफळ. मेंढीलाही फेटा बांधायचा घाट होता, पण तो काही तिच्या डोक्यावर टिकेना, तेव्हा तो पाठीवर टाकला आणि हार घातला. हार तिनं भाषणं चालू असताना सावकाश खाऊन टाकला. सरपंच माइकवर म्हणाले, "दुस्मानाचा जंतू आपल्या शिवंत पाय ठिवायला भितो!" टाळ्या. शेजारच्या गावचे एक पुढारी पाहुणे होते. ते माझ्या कानाशी लागले, "मॅडम, आमच्या पोरांची परत एकदा घ्या की. त्या दिशी नीट धुतली नव्हती." आबांची नात स्टेजच्या कडेला कर्ण्याच्या पुढ्यातच मांडी घालून बसली होती. त्या कर्ण्यानं माझ्या छातीत धडधडत होतं आणि ती निवांत पेढा खात होती.

त्याच आठवड्यात गावात लसीकरणाचा दिवस होता. आबांच्या नातवाला नऊ महिने झाले होते. मी दुसऱ्या कामानं अंगणवाडीत होते, म्हणून हा तमाशा डोळ्यांनी बघितला. आया आल्या, रांग लागली, पण प्रत्येकीनं नर्सबाईंना सांगितलं, "गवराची टोचा, न्यूमोनियाची नगं."

"का नको?"

"गवरमुक्त आजून झालो न्हाय आमी. न्यूमोनियामुक्त झालोय."

नर्सबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी जंतू नाही म्हणजे लस नको असं होत नाही, लस घ्यायचीच असते, असं काहीबाही बोलले. माझ्या आवाजात जीव नव्हता. आबांची सून नातवाला घेऊन पुढे आली आणि तिनंही तेच सांगितलं. आबा दाराशी सत्काराची शाल पांघरून उभे होते. मी त्यांना म्हटलं, "आबा, तुम्ही तरी सांगा. तारीख पाठ होती ना तुम्हाला?"

ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, तुमीच तपासलंय न्हवं? जंतूच न्हाय तर लेकराला उगा येक सुई कशाला?"

पोराला गोवराची सुई टोचली आणि ती दुसरी तशीच थंड डब्यात परत गेली.

त्यानंतर तीन दिवसांनी रक्ताची पाळी होती. डॉक्टर आणि मी वस्तीवर गेलो. आबा खुशीत होते. मेंढीला दावणीवरून सोडून आणता आणता म्हणाले, "कालच सुई दिलीया. घ्या आता बिनघोर."

डॉक्टर म्हणाले, "कसली सुई?"

"आवो, आपली नेहमीची." आबा घरात गेले आणि खुंटीवरची पिशवी घेऊन आले. मेंढरं राखणाऱ्या माणसाच्या घरी अशी पिशवी असतेच. सिरींज, सुया, दोन-चार बाटल्या. रानात फिरताना डॉक्टर कुठला? स्वतःच टोचतात, आणि डॉक्टरांपेक्षा सफाईनं टोचतात. त्यांनी एक बाटली वर धरली. अँटिबायोटिक, तेही बरेच दिवस अंगात राहणारं. "पावसात मेंढरं खोकत व्हती. म्हणलं, उद्या बाई येणार, सरकारी काम हाय, रगात निर्मळ पायजे. मागल्या टायमाला दिली, आन् आत्ता काल दिली. डबल."

मागल्या टायमाला. म्हणजे त्या गावाच्या प्लेटी ज्या रक्तातून झाल्या, ते काढायच्या आदल्या दिवशी. जंतू मारायचं औषध घातलेल्या प्लेटीवर मी जंतू वाढवायला बसले होते. गावातल्या पोरांच्या नाकातला एकही जंतू त्यावर तग धरणार नव्हता, माझा कंट्रोलही नाही.

डॉक्टर खाली धोंड्यावर बसले आणि हसायला लागले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मॅडम, अख्खं गाव मेंढीनं बरं केलं की हो!" मला मात्र हसू येईना. माझ्या डोळ्यांपुढे ती टिक होती. पोरांची नाकं बायांनी पुसली, मेंढीचं रक्त आबांनी निर्मळ केलं, आणि रजिस्टर मी. सगळ्यांनी आपापलं काम इतकं स्वच्छ केलं होतं की खरं काही शिल्लकच राहिलं नव्हतं.

आबा आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होते. "काय झालं? चुकलं का काय माजं?"

"काही नाही आबा," मी म्हटलं. "सांगते नंतर." भित्री मेली.

मेंढीला दीड-दोन महिने सुट्टी द्यायची, असं डॉक्टरांनी ठरवलं. सुई न टोचलेली दुसरी एक काळ्या तोंडाची मेंढी कळपातून आणवली. तिला निळी नाडी द्यायला आबांनी साफ नकार दिला. "ही नुस्ती हंगामी हाय. कायम न्हाय." त्या हंगामी मेंढीच्या रक्तातून मी नव्या प्लेटी केल्या आणि एकीवर फ्रीजरमधला तो 'मेलेला' कंट्रोल टाकला. दुसऱ्या दिवशी उघडलं तर दाण्याशेजारी दाणा, हिरवीगार कडी. ठणठणीत होता तो. पहिल्यापासून होता.

मी साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "अहवाल परवा गेला. वर त्या नकाशावर आपल्या गावापुढे शून्य लागलं असतं. या भागातल्या पोरांना लस कुठली लागते, तर कुठलीच नाही. आपल्या सहीनं." मग त्यांनी फोन उचलला आणि माझ्यासमोर अहवाल परत मागवला. माझ्यापायी आलेली नामुष्की त्यांनी माझ्यासमोर स्वतः गिळली. मला नोकरीवर का ठेवलं ते मी आजही विचारलेलं नाही.

आता त्या गावातली नाकं परत तपासायची होती. सरपंच म्हणाले, "एकदा मुक्त झालेल्या गावात परत काडी? म्हंजी आमच्यावर इस्वास न्हाय?" कुणी पोर देईना. मग मी आबांकडे गेले आणि नुसतं म्हटलं, "नातवाच्या नाकातून परत घ्यायचंय." त्यांनी का म्हणून विचारलं नाही, झोळीतून पोरगं काढून माझ्या मांडीवर दिलं. त्याचं नाक वाहत होतं आणि या वेळी कुणी पुसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या प्लेटीवर हिरवी कडी होती. त्याचा नंबर पुण्याहून यायला पुढे कितीतरी आठवडे लागले. एकोणीस एफ. लसीत जे थोडे प्रकार आहेत त्यातलाच एक, म्हणजे परत गेलेल्या सुईतलाच.

प्लेट उघडल्याच्या दुपारी मी वस्तीवर गेले. आबा बाजेवर बसले होते. नात अंगणात सरकारी मेंढीला वाटीतून भरड चारत होती. मी उभ्या उभ्या सांगितलं, बसले असते तर धीर गेला असता. पोराच्या नाकात जंतू आहे. आजारी नाही, पण आहे. गावात सगळीकडे असणार. तुमच्या औषधानं प्लेटीतले जंतू मेले, पोरांच्या नाकातले नाही.

आबांचा चेहरा पडला. "म्हंजी म्याच..."

"नाही आबा. तुम्ही नाही. औषध दिलेली मेंढी ओळखायची सोय आमच्याकडे होती. एक प्लेट असते, ती बघून कळतं. मी बघितली होती. तीही साफ होती. मला कंटाळा आला होता, म्हणून मी रजिस्टरला बरोबरची खूण केली."

आबा नातीकडे बघत म्हणाले, "बाई, येक इचारू? हिच्या टायमाला बी कुणी आशीच खूण केली आसंल का?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरंच माहीत करून घ्यायचं होतं त्यांना. मला रडू फुटलं. आबांच्या सुनेनं तांब्यातून पाणी आणून दिलं आणि मी ते प्याले, कारण दुसरं काय करणार?

पुढच्या लसीकरणाला आबा स्वतः आले. अंगावर शाल नव्हती, त्या शालीत नातू गुंडाळला होता. अंगणवाडीच्या दारात सरपंच माझ्याशी तंडत होते. "एका पोराच्या नाकात घावला म्हणून आख्खा बोर्ड उतरवायचा? वर 'जवळजवळ' आसं लिवलं तर न्हाय का चालणार?"

आबा त्यांना ओलांडून आत गेले आणि रांगेतल्या बायांना म्हणाले, "मेंढीला म्या सुई दिल्ती, म्हणून जंतू दिसला न्हाय. त्यो हाय. माज्या घरात हाय." मग थांबून माझ्याकडे बघितलं. मीही पुढे झाले आणि माझी टिक सगळ्यांसमोर सांगितली. एक बाई म्हणाली, "आगं बया!" दुसरी म्हणाली, "आन् आमाला वरडत व्हती, नाक पुसू नका म्हणून!" मी मान खाली घालून ऐकून घेतलं. हळूहळू रांग पुढं सरकली.

आबांच्या नातवाला पहिला नंबर दिला. सुई मांडीत गेली आणि पोरानं असा टाहो फोडला की पत्रे हलले. "रड, रड," आबा म्हणत होते, "आयकू येतंय मला." नर्सबाईंनी हसत हसत कानांवर हात ठेवले, रांगेतल्या बायांनीही ठेवले. आबांची नात मधे उभी होती. तिनं भावाच्या उघड्या तोंडाकडे बघितलं, मग सगळ्यांच्या हातांकडे बघितलं, आणि आपलेही दोन्ही हात उचलून कानांवर घट्ट दाबून धरले.